आठवा बार कुणाचा

माझ्या पोरीची शाळा सुटली नाही ती तिच्या विज्ञानाच्या मॅडममुळं. हे आधीच सांगून टाकते. पुढं नवरा, मुकादम, खदान, सुरुंग असलं बरंच काही येणार आहे आणि त्या धुरळ्यात मॅडम मागं पडायला नकोत. त्या अर्जुनी मोरगावकडच्या. ठेंगण्या, आवाज मोठा. त्यांची आई दुसऱ्यांच्या शेतात धानाची रोवणी करायची, पण पोरीला रोवणीच्या दिवसांतसुद्धा शाळा बुडवू द्यायची नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. माझी त्यांची भेट फार वेळा झाली नाही. तरी हात जोडले की आईबापानंतर मला त्यांचाच चेहरा आठवतो.

मी स्वतः सहावीपर्यंत गेलेली. पुरती सहावी पण नाही. बाप रस्त्याच्या कामावर होता. काम संपलं की बिऱ्हाड उचलायचं आणि पुढच्या कामावर जायचं. असंच एकदा सहामाही परीक्षेच्या तोंडावर आम्ही निघालो. पोरगी कुठं गेली म्हणून शाळेतून कुणी विचारायला आलं नाही, आणि मी पण परत कुठल्या शाळेत बसले नाही. लग्न झालं ते दगडाच्या कामातल्याच घरात. आमचं गाव सोलापूरकडं. इकडं महामार्ग चौपदरी करायचं काम निघालं तेव्हा क्रशरवाल्यानं नवऱ्याला बोलावून घेतलं, आणि आम्ही महाराष्ट्राच्या त्या टोकावरून या टोकाला आलो. गोंदिया जिल्ह्यात कोहमाऱ्याच्या अलीकडं खदान होती, तिच्या अंगाला आमची पत्र्याची वस्ती.

आमच्याकडं पाण्याची एक घागर मिळायची मारामार. इथं बघावं तिकडं तलाव आणि धान. माणसं 'का'ला 'काऊन', 'कशाला'ला 'कायले' म्हणायची, गोंदियाला गेलं तर दुकानदार सरळ हिंदीत बोलायचा. पहिलं वर्षभर मला रोज संध्याकाळी उगीच रडू यायचं. पोरगी मात्र सहा महिन्यांत 'मी शाळेत जाऊन राहिली' म्हणायला लागली. नवरा मला चिडवायचा, "तुझी लेक इथली झाली बघ. उद्या तुलाच विचारंल, काऊन वो माय म्हणून."

नवऱ्याचं काम खदानीत दगडाला मशीननं भोकं पाडायचं. भोकं झाली की ब्लास्टिंगवाला त्यात सुरुंगाची दारू भरायचा, वाती लावायचा. दुपारी जेवायच्या आधी शिट्टी व्हायची, सगळे लांब जायचे आणि बार उडायचे. प्रत्येकाची वात वेगळी, त्यामुळं बार एकामागं एक उडायचे, मोजता येतील असे. सकाळी निघताना नवरा फक्त आकडा सांगून जायचा. "आज पाच." "आज नऊ." देवाचं नाव घेऊन घराबाहेर पडावं तसं.

वस्तीतल्या सगळ्या घरांत हीच रीत. शिट्टी ऐकू आली की बायकांचे हात जिथल्या तिथं थांबायचे, कुणाचा पिठात, कुणाचा पोराच्या केसांत. कुणी बोलायचं नाही. ओठांतल्या ओठांत मोजायचं. आकडा पुरा झाला की कुणीतरी म्हणायची, "भरलं गं बाई," आणि भाकरी परत तव्यावर पडायची. कधी आकडा एकानं कमी भरायचा. कमी म्हणजे एक बार उडाला नाही, दारूसकट दगडात बसून राहिला. त्या दिवशी अन्न गोड लागायचं नाही. पण संध्याकाळी पुरुष घरी यायचे, म्हणायचे, "दोन एकदम उडाले, म्हणून तुम्हाला कमी वाटलं." आम्ही मानायचो. न मानून सांगायचं कुणाला?

कमी भरल्याचं असं आम्ही ऐकून होतो. जास्त भरल्याचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

पोरगी तेव्हा नववीत होती. एका शुक्रवारी ती शाळेतून आली ती अंगणातला खडा उचलून हातात घेऊनच उभी राहिली. दप्तरसुद्धा उतरवलं नाही.

"आई, याच्यात किती ताकद आहे, सांग."

"खड्यात कसली ताकद? फेकून मारला तर कुत्रं पळंल."

"मॅडमनं सांगितलं, या एवढ्या खड्याची सगळी ऊर्जा केली ना, तर अख्ख्या गोंदिया जिल्ह्याला वर्षभर वीज पुरेल. ई इज इक्वल टू एम सी स्क्वेअर. म्हणजे वस्तूचं वजन आणि ऊर्जा एकच. वजन म्हणजे बांधून ठेवलेली ऊर्जा."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी म्हटलं, "बरं, बांधून ठेवलेली आहे ना, मग असू दे. हातपाय धू." तिनं खडा परत खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला, अंडं ठेवावं तसा. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्याच रविवारी ती घरी होती. खदानीला सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी असायची, रविवारी काम चालू. नवरा सकाळी "आज सात" म्हणून गेला. दुपारी शिट्टी झाली. मी पाट्यावर चटणी वाटत होते, हात थांबवला. पोरगी दारात उभी राहून बोटांवर मोजत होती. सात झाले. मी "भरलं" म्हणायला तोंड उघडलं आणि आठवा बार उडाला. जरा उशिरानं, पण चांगला मोठा. घराचा पत्रा हलला.

शेजारची बाई बाहेर आली. "आठ झाले का गं?"

"आठच."

"डोंगराचा आवाज फिरून आला असंल."

"इथं डोंगर कुठाय?"

पोरगी बोटं धरून तशीच दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नवरा वेळेवर घरी आला, हातपाय धड होते, म्हणून मी पुढं विचारलंच नाही. जेवताना पोरीनंच विचारलं, "पप्पा, आठ का झाले?" तो म्हणाला, "सातच होते. मोजायला चुकलीस."

ती चुकली नव्हती. मी पण चुकले नव्हते. आणि बापानं असं तोंडावर नाही म्हटल्यावर पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट उरली. सात बार दारूचे. आठवा बार दगडाचा स्वतःचा. मॅडमनं सांगितलं होतं ते खरं झालं, दगडात बांधलेली ऊर्जा सुटली. आज थोडी सुटली. एक दिवस बापाचं मशीन दगडात शिरंल, सगळी सुटंल, आणि मग खदान नाही, वस्ती नाही, गोंदिया जिल्हा नाही.

हे तिनं मला लगेच सांगितलं नाही. आधी पाटा-वरवंटा दिसेना झाला. शोधला तर घरामागं गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. मी रागावले तर म्हणाली, "दगडावर दगड घासू नको आई." मग सकाळी बापाचे बूट लपवायला लागली. बूट सापडले की दारात आडवी उभी. "पप्पा, जाऊ नका. दगड फुटून राहिला आतून." शाळेत पण जाईना. आपण शाळेत असताना इकडं झालं तर, म्हणून. रात्री दचकून उठायची. जेवण सोडलं. पोरीच्या गालांची हाडं वर आली.

वस्तीत चेष्टा सुरू झाली. नळावर एक बाई मला म्हणाली, "तुमच्या लेकीनं पाटे बंद केलेत म्हणं. आता सगळ्यांना मिक्सर घेऊन द्या की." दुसरी म्हणाली, "शाळा जास्त झाली की असंच होतंय." मी हसल्यासारखं केलं आणि घागर अर्धीच भरून परत आले.

नवरा आधी समजावत होता. मग चिडायला लागला, आणि चिडायचा ते असं, की मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. पोरगी 'दगड' म्हणाली की याच्या कपाळाची शीर उठायची. एका सकाळी त्यानं बूट तिच्या हातातून हिसकावून घेतले.

"शाळेनंच डोकं फिरवलंय हिचं! बास झाली शाळा. येत्या बाजारच्या दिवशी हिला गाडीत बसवतो. आत्याकडं राहू दे गावाला."

"अवो, दहावी तरी होऊ दे."

"दहावी? ही बरी ऱ्हायली तर दहावी. घरी बसंल, चार कामं शिकंल, डोकं ठिकाणावर येईल."

आत्याकडं म्हणजे काय ते मला माहीत होतं. वर्षभर धुणीभांडी आणि मग लग्न. मला दगडाची भीती नव्हती. भीती होती ती बाजारच्या दिवसाची. एकदा का पोरगी गाडीत बसली की ती कुठल्याच शाळेत परत बसणार नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. चालत गेले, आणि फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. आत काय म्हणून जायचं? काय बोलायचं? आपलं बोलणं इथल्यांना हसू येणारं, लुगडं धुळीनं भरलेलं. झाडाखाली थोडा वेळ उभी राहिले आणि मग कुणीतरी ढकलल्यासारखी आत शिरले. मॅडम वर्ग संपवून बाहेर येत होत्या, हाताला खडू.

"बसा ताई. काऊन उभ्या राहिल्या?"

मी बसले नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. बार, आठवा बार, पाटा, बूट, सोडलेलं जेवण, आत्या. सांगताना मला वाटत होतं या आता हसतील. त्या हसल्या नाहीत. ऐकता ऐकता खडूचे हात पदराला पुसत राहिल्या, पदर सगळा पांढरा झाला.

"पोरं दचकावी, मजा यावी म्हणून सांगितलं होतं मी ते. पुस्तकात दोनच ओळी आहेत." मग म्हणाल्या, "तिनं ते खरं मानलं. चाळीस पोरांत तिनं एकटीनं खरं मानलं. आणि खरं आहेच ते. पण अर्धं सांगून मी घंटा झाली म्हणून निघून गेली."

"मॅडम, तिला सांगा की ते खोटं होतं. एवढं सांगा, बास."

"खोटं कसं सांगू ताई? उद्या तिले कळलं तर कोणाचंच ऐकणार नाही ती. मी येते रविवारी. भाऊंना घरी थांबायला सांगा."

भाऊ थांबतील का, याच विचारात मी घरी आले. बाजारचा दिवस सोमवार. रविवारी मॅडम आल्या नाहीत तर सोमवारी गाडी. मी नवऱ्याला मॅडम येणार असल्याचं शनिवारी सांगितलं, तेही तो जेवून उठल्यावर. तो म्हणाला, "येऊ दे. मला पण बोलायचंय तिच्याशी." आणि त्या बोलण्याची मला वेगळी धास्ती लागली.

मॅडम आल्या. नवऱ्यानं अर्धा दिवस सांगून घेतला होता. तो खाटेवर बसला, मॅडमना प्लास्टिकची खुर्ची दिली. पाणी दिलं, चहा ठेवला. मॅडम घोटभर पाणी पितात तोवर यानं सुरू केलं.

"आमची पोरगी हुशार होती. तुम्ही येडी केली."

"तुमची पोरगी अजूनही हुशारच आहे भाऊ. घोटाळा माझ्या शिकवण्याचा आहे. तो निस्तरायलाच आली."

एवढं सरळ बोलल्यावर नवऱ्याला पुढं भांडता येईना. तो बिडी काढून बोटांत फिरवत बसला.

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. मॅडम तिला म्हणाल्या, "बेटा, दगडात ऊर्जा आहे. हे मी मागं घेत नाही. पण ती सुटत नाही. आता तलावाचंच बघ. केवढं पाणी असते, पण पाळीनं अडवलेलं असते ना? तशी ती आत अडवलेली आहे."

पोरगी म्हणाली, "पाळ फुटते ना मॅडम. मागच्या पावसात फुटली होती."

नवरा फस्सकन हसला, त्या दिवसांत पहिल्यांदाच. मॅडम पण हसल्या. "चुकलं माझं उदाहरण. दुसरं देते."

त्या अंगणात गेल्या, आम्हाला पण बोलावलं. समोर एक मोठी बांधी होती, कापणी होऊन मोकळी पडलेली. इकडं धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, तिच्या चारी बाजूंना मातीचा धुरा असतो. मॅडम म्हणाल्या, "ही बांधी म्हणजे दगडातला एक अणू. कल्पनेनं एवढा मोठा केलेला. आता मधोमध धानाचा एक दाणा पडला आहे, असं समज. अणूचं जवळपास सगळं वजन त्या दाण्यात. तू म्हणतेस ती ऊर्जा तिथं. बाकी बांधी रिकामी. आता पप्पांचं मशीन काय करते? दगड फोडते. म्हणजे या बांधीपासून ती बांधी वेगळी करते. त्याचा मार धुऱ्याला लागते, धुऱ्यावरच संपते. मधल्या दाण्याला पत्ताही लागत नाही."

"घणानं मारलं तरी?"

"घणानं मारलं तरी. दारूनं उडवलं तरी. दारू पण धुऱ्याशीच खेळते. तिची ऊर्जा तिच्यातल्या अणूंच्या जोडणीतून येते, दाण्यातून नाही."

पोरीनं वाकून चिमूटभर माती उचलली, बघितली, सोडून दिली. "मग दाणा उघडतो कुठं?"

मॅडमनी वर बोट केलं. "तिथं." ऊन चांगलंच चढलं होतं. "तिथं पोटात एवढी गरमी आणि एवढा दाब आहे की दाण्यावर दाणा जाऊन आपटते. तेव्हा कुठं थोडं वजन कमी होते आणि ते ऊर्जा होऊन बाहेर पडते. सूर्य रोज वजनानं कमी होऊन राहिला, आणि ते कमी झालेलं वजन म्हणजे हे ऊन. याच उन्हावर हा धान पिकला. तेच सूत्र. तू ज्याच्यापायी जेवण सोडलं, त्याच सूत्राचं जेवतेस तू."

मी वर बघितलं. आपलं ऊन असं कुणाच्या तरी अंगातून झिजून येतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"उन्हाला वजन असतं?" मी विचारलं, आणि विचारल्यावर लाजले.

"असते ना ताई. तुमचा तापलेला तवा थंड तव्यापेक्षा जड असते. पण एवढा थोडा, की कोणत्याच काट्याला समजायचं नाही." मग पोरीला म्हणाल्या, "काडी घे. हिशोब करू. अख्ख्या पृथ्वीवर एका सेकंदात जेवढं ऊन पडते, त्याचं वजन काढू."

त्यांनी ऊर्जेचा आकडा सांगितला, प्रकाशाच्या वेगाचा वर्ग सांगितला. पोरगी मातीत शून्यं मांडत बसली. शून्यांची रांग तुळशीच्या डब्यापर्यंत गेली. मॅडमनी वरची शून्यं खालच्या शून्यांशी कापायला लावली. शेवटी राहिलं सतरा भागिले नऊ.

"दोन पण नाही," पोरगी म्हणाली. "दोन किलो पण नाही?"

"जेमतेम दोन किलो."

"अख्ख्या पृथ्वीवर?"

"समुद्र, डोंगर, गोंदिया, सोलापूर, सगळं धरून. एका सेकंदाचं."

ती हसली नाही, पण आकड्याकडं बघत राहिली. तिचा जुना चेहरा थोडा परत आला. मला वाटलं, सुटलो. चहा उतू जात होता, मी आत पळाले. तेवढ्यात बाहेरून तिचा आवाज आला.

"मग आठवा बार कुणाचा होता, मॅडम?"

मी कप हातात घेऊन दारात आले. मला मनातून वाटत होतं की काहीतरी सांगून टाका, डोंगराचा आवाज म्हणा, दुसऱ्या खदानीचा म्हणा. त्या म्हणाल्या, "ते मले माहीत नाही बेटा. एवढं माहीत आहे की दगडाचा नव्हता."

"पण मग कुणाचा? पप्पा म्हणाले सातच होते."

पोरीचा चेहरा परत मिटायला लागला. मी बघत होते, आणि मला सोमवारची गाडी दिसायला लागली. इतकं सगळं समजावून शेवटी तिथंच. त्या एका बाराचा हिशोब लागत नव्हता, आणि तो लागल्याशिवाय ही पोरगी कुणाचंच ऐकणार नव्हती.

नवरा खाटेवरून उठून बाहेर आला होता. बिडी न पेटवताच त्यानं कानावर ठेवली.

"आठवा शनवारचा होता," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनवारी, पाचातले चारच उडाले. मुकादम म्हणला, दोन एकदम उडाले, चला. मी पण तसंच समजलो. रविवारी सकाळी मशीन लावलं. लावलं आन बाजूच्या भोकात वात दिसली. राहिलेला बार. हातभर पण लांब नव्हता." त्यानं हात करून दाखवला आणि तो हात तसाच राहिला. "मशीन बंद केलं. खाली बसलो. मग ब्लास्टिंगवाल्यानं त्याच्या शेजारी नवीन दारू लावून तो वेगळा उडवला. सातांच्या नंतर. तो आठवा."

मला शनिवार आठवला. त्या शनिवारी मी पण चारच मोजले होते. संध्याकाळी विचारलं होतं, आणि 'दोन एकदम उडाले' ऐकून जेवायला वाढलं होतं. पोरगी त्या दिवशी शाळेत होती, तिला मी सांगितलंच नव्हतं.

"भाऊ, घरी काऊन नाही सांगितलं?" मॅडमनी हळू विचारलं.

"काय सांगू? ह्या बायका तशाच मोजून मोजून मरत्यात. आन ही पोरगी रोज दारात उभी ऱ्हाऊन तेच म्हणती, दगड फुटंल, जाऊ नका. मला तोच हातभर दगड दिसतोय डोळ्यापुढं. म्हणून म्हणलं, हिला पाठवून द्यावी गावाला."

पोरगी बापाजवळ गेली. "म्हणजे दगड आपल्या मनानं नाही फुटला?"

"न्हाय गं. दारूच होती."

तिनं इतक्या दिवसांचा श्वास सोडला. खरंच, तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. ती सुटली, आणि आता तो हातभर दगड मला दिसायला लागला. मी उंबऱ्यावर बसले, चहा हातावर सांडला. मॅडम येऊन शेजारी बसल्या, धुळीतच. त्यांनी माझा हात पाण्यानं धुतला.

"ताई, आता भीती बरोबर जागी आली. दगडाले भिऊन काही करता येत नव्हतं. याले भिऊन करता येते."

करता आलं ते एवढंच. पोरीनं बापाला सांगितलं, आकडा कमी भरला तर दुसऱ्या दिवशी तो बार सापडेपर्यंत मशीन लावायचं नाही. नवरा म्हणाला, "मुकादम ऐकतोय व्हय?" मुकादम सुरुवातीला ऐकत नव्हता. "बायका आता ब्लास्टर झाल्या का?" म्हणून हसला. पण मी नळावर सगळ्यांना सांगितलं, चेष्टा करणाऱ्या बाईला आधी. तिचाही नवरा मशीनवर होता. संध्याकाळी 'दोन एकदम उडाले' म्हटलं की आता प्रत्येक घरात विचारलं जायला लागलं, "बघून आलात का?" चार-पाच जणांनी मिळून सकाळी मशीनला हात लावायला नकार दिल्यावर मुकादम शिव्या देत स्वतः भोकं तपासायला गेला. दर वेळी गेला असं नाही. पण जायला लागला.

आणि त्या रविवारी मॅडम निघताना नवरा पोरीकडं न बघता म्हणाला, "उद्या शाळंत जा. बाजारात मी आन तुझी आई जातो."

मॅडमनी पुढं तो धडा पोरांना वेगळा शिकवला. खड्याची गोष्ट सांगायच्या, पण मग सगळ्यांना मैदानात नेऊन धानाचा दाणा मधोमध ठेवायच्या आणि कोपऱ्यात उभं करायच्या. दिसतो का विचारायच्या. दाणा दिसत नाही म्हटल्यावर उन्हाचं वजन काढायला बसवायच्या. हे पोरगी घरी येऊन मला सांगायची, आणि मी तिच्याकडून अर्धंमुर्धं शिकायचे. भीती माझी गेली नाही. शिट्टी झाली की माझे हात आजही थांबतात, नवरा आता खदानीत नसून पाण्याच्या टँकरवर असला तरी.

पोरीनं दहावी तिथंच दिली, पुढं सायन्स घेतलं. आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. आमचं काम रायपूरकडं सरकलं आणि आम्ही घरापासून अजून लांब आलो.

निघायच्या आधी मी मॅडमना भेटायला गेले होते. सोबत न्यायला काही नव्हतं, ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली. त्या म्हणाल्या, "हे तर ठेवतेच. पण मले दुसरं पाहिजे. तुम्ही एकदा माझ्या वर्गात येऊन बसा. मागच्या बाकावर. मी शिकवते, तुम्ही फक्त ऐका, आणि कोणत्या वाक्यानं घरी जाऊन एखादी पोरगी जेवण सोडेल ते मले सांगा. मले ते उभ्यानं दिसत नाही." मी सहावी पण पुरी न केलेली बाई, वर्गात कशी बसू, म्हणून मी मान खाली घातली आणि नाही म्हणून आले. ट्रक भरलेला होता, ते एक कारण पण होतं.

मॅडम, तुमच्या निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत असं पोरगी म्हणते. तुम्ही बदली होऊन कुठंही गेला असाल, गोंदियाकडच्या गोरेगावला, नाहीतर आणखी आत, मी शोधून काढीन. एक दिवस मी येणार, आणि घंटा व्हायच्या आत मागच्या बाकावर बसलेली असणार. तुम्ही शिकवा. मी सगळा तास ऐकीन, आणि जिथं पोटात गोळा येईल तिथं हात वर करीन.